बर्फाला लागलेली आग

आमच्या कामाचा एक विचित्र नियम आहे. दिवसभरात काहीच घडलं नाही, तर आम्ही काम चोख केलं असं धरतात! आता काही घडू नये म्हणून जिथे माणसं आठ-आठ तास एका खोलीत बसवून ठेवलीत, तिथे किस्से सोडून दुसरं काय साठणार? सांगायला बसलो की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.

आधी मंडळींची ओळख करून देतो. मी प्रसाद. मूळचा कोकणातला, राहायला गोखिवऱ्याला. कामणच्या डोंगराखालून भिवंडीच्या बाजूला निघणारा आमचा बोगदा आहे, जायला एक नळी, यायला दुसरी. त्याच्या कंट्रोल रूममध्ये मी ऑपरेटर आहे. समोर भिंतभर कॅमेऱ्यांचे स्क्रीन आणि हाताशी, प्लास्टिकच्या झाकणाखाली, एक लाल बटण. ते दाबलं की बोगद्याच्या तोंडाशी आडवे दांडे पडतात, आत सायरन वाजतो, पंखे जोरात सुटतात आणि लोकांना बाहेर काढणारी सूचना लागते. सगळं त्या एका बटणावर. आमची आई सोसायटीत सांगते, "आमचा प्रसाद टीव्ही बघायच्या नोकरीला आहे!"

माझ्या शेजारच्या खुर्चीत सुहास. सांडोरचा, घरची केळीची वाडी, स्वतः इलेक्ट्रिशियन. त्याच्या डब्यात भाजी काय आहे हे विचारायचं नसतं, कोणत्या प्रकारची केळी आहेत तेवढंच विचारायचं. मग मंदा मावशी, कामणच्या. बोगद्याच्या साफसफाईची अख्खी टीम त्यांच्या हाताखाली. आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर लोपीस सर. त्यांचं आयुष्य अग्निशमन दलात गेलं, निवृत्तीनंतर ते आमच्याकडे सुरक्षा अधिकारी म्हणून आले. गावच्या फुटबॉल स्पर्धांमध्ये वेळ मोजायला सर असायचे, तेव्हापासून गळ्यात एक स्टॉपवॉच. जेवायला बसलो तरी ते गळ्यातच.

सरांच्या तोंडून 'शाब्बास' हा शब्द कुणीही ऐकलेला नाही. एखादं काम अगदीच उत्तम झालं तर ते म्हणायचे, "चालेल." तेही वर्षातून एखाद्या वेळी!

* * *

बोगद्यात भिंतीला ठरावीक अंतरावर नारिंगी पेट्या आहेत. पेटी उघडून फोन उचलला की तो थेट आमच्याकडे लागतो. फक्त संकटात वापरायचा, असं पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. पण संकट म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं ना!

एकाने विचारलं, "भाऊ, पलीकडे पाऊस आहे का?"

एका काकूंनी विचारलं, "अहो, भिवंडी किती लांब राहिली? हे सांगत नाहीत आणि विचारूही देत नाहीत."

आणि एक गृहस्थ तर गाडी बाजूच्या मोकळ्या जागेत लावून, अगदी नम्रपणे म्हणाले, "माझ्या मोबाइलला आत रेंज नाही. तुमच्याकडे आहे ना? मग घरी एवढं कळवता का, मी अर्ध्या तासात पोहोचतो."

मी भडकलो. म्हटलं, हा काय निरोप्याचा धंदा आहे? तेवढ्यात मागे उभे असलेले लोपीस सर म्हणाले, "नंबर लिहून घे."

"सर?"

"नंबर लिहून घे, कळव आणि त्यांना सांग की कळवलंय."

कळवलं! वहिनींनी मलाच झापलं, "अर्धा तास म्हणजे दीड तास, मला माहितीये!"

फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "हा फोन चालतो आणि पलीकडे माणूस बसलेला असतो, हे आज एका माणसाला कळलं. तो आणखी दहा जणांना सांगेल. वेळ आली की हेच लोक फोन उचलतील."

तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आज त्या काकूंचा फोन आला तर मी भिवंडीसकट कल्याणचंही अंतर सांगेन.

* * *

आता माझ्या बदनामीचा किस्सा. मी सांगितला नाही तर सुहास सांगेलच, आणि मीठमसाला लावून सांगेल. त्यापेक्षा मीच सांगतो.

नोकरीला लागून चार महिने झाले होते. पावसाळ्याचे दिवस, सकाळचे अकरा. सहा नंबरच्या कॅमेऱ्यावर एक निळ्या ताडपत्रीचा टेम्पो दिसला. ताडपत्रीखालून पांढरा धूर निघतोय. थोडा नाही, चांगला लोळ! झाकण उघडलं आणि बटण दाबलं.

दांडे पडले. सायरन वाजला. पंखे सुटले. महामार्गापर्यंत गाड्यांची रांग लागली. अग्निशमनची गाडी घंटा वाजवत आत शिरली, जवानांनी पाइप रोखून धरला आणि ताडपत्री वर केली.

आत बर्फ!

अर्नाळ्याहून मासळी घेऊन निघालेला टेम्पो होता. दमट हवेत बर्फाची वाफ बाहेर पडत होती. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेली मावशी खाली उतरली आणि पदर खोचून जवानांना म्हणाली, "आग कसली शोधता रे? बर्फाची वाफ हाय ती! मासली काय आगीवर ठेवून न्यायची बाजाराला?"

मुख्य कार्यालयातून तासाभरात फोन आला. साहेबांचा आवाज अगदी गोड होता. "प्रसाद, बर्फाला लागलेली आग विझली का रे?"

त्या दिवसापासून माझं नाव बर्फ पडलं. "बर्फा, चहा घेणार?" "बर्फा, तुझी शिफ्ट बदलली." सफाईच्या बायकासुद्धा "बर्फदादा" म्हणायला लागल्या. नावाचं मला काही नाही, नावं काय, पडतात आणि चिकटतात. पण माझा हात कचरला, हे खरं. स्क्रीनवर जरा धूसर दिसलं की हात झाकणापर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. खरंच धूर आहे? की पुन्हा हसं होणार? बटणावर बसलेल्या माणसाचा हात थांबणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रात्री झोप लागायची नाही.

लोपीस सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी राजीनाम्याच्या तयारीनेच गेलो. सरांनी समोर चहा ठेवला.

"बर्फ दिसला, बटण दाबलंस. किती वेळ लागला?"

"आठवत नाही, सर."

"तेच चुकलं," सर म्हणाले. "दाबलंस ते नाही चुकलं. दहा वेळा उगाच दाब. साहेबांचे फोन मी घेतो. पण एकदा दाबायचं राहून गेलं ना, तर तो फोन घ्यायला माझ्यात ताकद नाही."

इतकी वर्षं झाली, पण त्या चहाची आठवण आली की अजून भरून येतं. माझ्यावर ओरडायला तेव्हा अख्खं खातं तयार होतं. पण मला सावरायचं काम या एका माणसाने केलं.

* * *

सावरायचं म्हणजे लाड करायचे, असा कुणाचा गैरसमज झाला असेल तर तो आधी दूर करतो.

सरांचा नियम असा, की धूर दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत वीस सेकंद. त्याच्या वर एक सेकंद नाही. "यंत्राला धुराचा वास यायला धूर छतापर्यंत जावा लागतो," ते म्हणायचे. "तुला तो आधी दिसतो. मधला वेळ हाच तुझा पगार. तेवढ्या वेळात मागून किती गाड्या आत शिरतात ते मोज एकदा."

देखभालीसाठी एक नळी बंद असली की सर धुराचा डबा घेऊन आत जायचे. कोणत्या कॅमेऱ्यासमोर, किती वाजता, काही सांगायचे नाहीत. डबा पेटवायचे आणि स्टॉपवॉच चालू करायचे. मी बटण दाबलं आणि सायरन वाजला की बंद. मग भिंतीवरच्या नारिंगी पेटीतून आमच्याकडे फोन.

"एक्केचाळीस. उशीर."

फोन बंद! एवढंच बोलणं. 'हॅलो' नाही, 'ठेवतो' नाही.

पुढच्या महिन्यात, "चौतीस. उशीर."

मग अठ्ठावीस. मग सव्वीस. सुहासने वहीच्या मागच्या पानावर माझे आकडे लिहून ठेवले होते, क्रिकेटच्या स्कोअरसारखे. सव्वीसनंतर मी तिथेच अडकलो. स्क्रीनवर पांढरं काही दिसलं की डोळ्यांसमोर आधी ती ताडपत्री यायची आणि तिच्याखालचा बर्फ. सहा सेकंद तिथेच जायचे.

* * *

पावसाळ्यात आमचा खरा शत्रू आग नाही. बाइकवाले!

चिंचोटीच्या धबधब्याकडे जाणारी पोरं रविवारी शंभर-शंभर येतात. पावसाची सर आली की जो तो सरळ बोगद्यात शिरतो आणि उभा राहतो. डोक्यावर छत आहे, उजेड आहे, वारा आहे, आणखी काय पाहिजे? एकदा तर पंधरा-वीस जणांनी बाइकवरच्या स्पीकरवर गाणं लावून नाच सुरू केला. मागून ट्रक येतायत, ब्रेक करकचतायत, आणि ही मंडळी सेल्फी घेतायत!

मी बोगद्यातल्या स्पीकरवर अधिकृत सूचना लावली. रेकॉर्ड केलेला आवाज होता, स्टुडिओतल्या बाईंचा, अतिशय शुद्ध. "प्रवाशांनी बोगद्यामध्ये वाहने उभी करू नयेत ही विनंती." पोरं त्या सूचनेच्या तालावर नाचली!

मंदा मावशी कसली तरी चावी न्यायला कंट्रोल रूममध्ये आल्या होत्या. दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "सरक जरा." माइकचं बटण कुठलं ते त्यांना माहीत होतं, रोज पुसायच्या ना.

"ए निल्या रेनकोटवाल्या! हां, तूच! मागं ट्रक दिसतो का तुला? तुझ्या आईनं तुला पानी बघायला धाडला का बोगद्यात मराया धाडला? गाडी चालू कर! नि ती हिरवी टोपी, तू काय हसतो? तुझा पन नंबर दिसतो मला!"

अर्ध्या मिनिटात बोगदा रिकामा. निळ्या रेनकोटवाल्याने जाता जाता कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले.

मावशी चावी घेऊन निघून गेल्या. लोपीस सर दारात उभे होते. त्यांनी स्टॉपवॉचकडे बघितलं आणि स्वतःशीच म्हणाले, "अठ्ठावीस सेकंद." मग केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. सरांनी दार लावलं की समजायचं, काहीतरी शिजतंय.

* * *

शिजलं ते असं. सरांनी मॉक ड्रिल ठरवली. आगीची सराव परीक्षा म्हणा ना. पण नेहमीसारखी आमच्याच माणसांना प्रवासी बनवून नाही. "आमच्या माणसांना दार कुठे आहे ते पाठ आहे," सर म्हणाले. "ज्यांना ठाऊक नाही ती माणसं आणा."

मग सांडोरहून सुहासचे काका आणि त्यांची वाडीवाली मंडळी आली. कामणच्या बचत गटाच्या बायका आल्या. सरांच्या चर्चमधलं महिला मंडळ आलं, त्यांनी तर सोबत केकही आणला. सगळ्यांना आपापल्या गाड्यांतून बोगद्यात उभं केलं आणि धुराचे डबे पेटवले. आता सूचना ऐकायची, गाडी सोडायची आणि दोन नळ्यांना जोडणाऱ्या हिरव्या दारातून पलीकडच्या सुरक्षित नळीत जायचं. एवढंच काम.

सायरन वाजला. स्टुडिओतल्या बाई बोलल्या. "प्रवाशांनी घाबरून न जाता नजीकच्या आपत्कालीन निर्गमन मार्गाचा अवलंब करावा."

एक गाडी उघडेल तर शपथ!

एक मिनिट गेलं. दोन गेली. सर चिडून एका गाडीपाशी गेले आणि काचेवर टकटक केली. आत त्यांच्याच मंडळातल्या एक बाई बसल्या होत्या. "आंटी, उतरला का नाहीत?"

"अय्या, ते आमच्याशी बोलत होते?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं काहीतरी सरकारी चाललंय."

सर वळले, वायरलेसवर म्हणाले, "मंदाबाईंना माइकवर बसवा."

दुसरी फेरी. मावशींना फक्त सांगितलं की लोकांना दारातून पलीकडे न्यायचंय, तुमच्या शब्दांत सांगा. त्या जे बोलल्या ते मला पाठ आहे, कारण आजही तेच वाजतं.

"ऐका! आग लागलीय. गाडी बंद करा. चावी गाडीतच ऱ्हाऊ द्या. उतरा, सामान काय घेऊ नका. भिंतीला हात लावून हिरव्या दाराकडं चला. म्हाताऱ्या मानसाला हात द्या. चला, मी हाय!"

फटाफट दारं उघडली. माणसं भिंतीला हात लावून ओळीने चालायला लागली. आंटी सगळ्यांत पुढे!

शेवटी राहिले सुहासचे काका. धुरातून डुलत डुलत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर केळ्यांचा अख्खा लोंगर होता.

"काका, सामान घेऊ नका सांगितलं ना?" सर म्हणाले.

"हे सामान नाय, लोंगर आहे!" काका म्हणाले. "वर्षभर वाढवलाय. आगीत टाकून येऊ?"

सरांनी जरा विचार केला. "काका, तुम्हीच आगीत राहिलात, तर पुढच्या वर्षीचा कोण वाढवणार?"

काकांना मुद्दा पटला. त्यांनी लोंगर खाली ठेवला, मोकळ्या हातांनी परत गाडीपाशी गेले आणि पुन्हा पहिल्यापासून चालत आले! "एकदा नीट करूनच दाखवतो," म्हणाले. तो लोंगर चार दिवसांनी पिकला आणि कंट्रोल रूममध्ये आम्हीच संपवला.

त्या सगळ्यांना आम्ही चहाशिवाय काही दिलं नाही. कामाचा दिवस मोडून, धूर खाऊन गेली माणसं. ही माणसं आली नसती तर आमच्या सूचनेला कुणी हलत नाही, हे आम्हाला खऱ्या आगीतच कळलं असतं.

* * *

मावशींचा आवाज कायमचा रेकॉर्ड करायचा म्हटल्यावर मुख्य कार्यालयातून साहेब आले. त्यांनी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. चेहरा असा, की कुणी तरी चहात मीठ घातलंय.

"भाषा जरा प्रमाण करता येणार नाही का?"

सर म्हणाले, "साहेब, आग कुठे प्रमाण असते?"

"बरं, ते असू द्या. पण शेवटी 'मी हाय' म्हणजे काय? कोण आहे? तांत्रिकदृष्ट्या तिथे कुणीच नसणार."

तेव्हा सर पहिल्यांदा जरा आवाज चढवून बोलले. "साहेब, तीस वर्षं मी धुरात शिरलोय. घाबरलेला माणूस रस्ता सांगून हलत नाही. पलीकडे कुणीतरी आहे हे कळलं की हलतो. ते दोन शब्द काढायचे असतील तर सगळंच काढा."

साहेबांनी सही केली. मावशी रेकॉर्डिंगला नवी साडी नेसून आल्या. "आवाजात साडी दिसते का, मावशी?" सुहासने विचारलं.

"मला दिसते ना!" मावशी म्हणाल्या.

मावशींना या सगळ्याचं एकच दुःख. "अख्खा बोगदा माझं ऐकतो," त्या म्हणतात. "घरी चहाचा कप उचल म्हनलं तर कोन ऐकत नाय!"

* * *

दसऱ्याचा किस्सा थोडक्यात सांगतो, कारण त्यात आमची सगळ्यांचीच अब्रू गेली आहे.

दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा करतो. अग्निशामक ट्रॉलीला झेंडूचा हार, स्क्रीनला हळदकुंकू, लाल बटणाच्या झाकणावर आपट्याचं पान. चार नंबरच्या हिरव्या दाराजवळ बोगद्याचा मुख्य पॅनल आहे, त्याची खोली सुहासच्या ताब्यात. तिथली पूजा तोच करतो. त्या वर्षी त्याला भक्तीचा जरा जास्तच उमाळा आला. छोट्याशा बंद खोलीत त्याने धूपदाणी भरून धूप घातला!

छतावरच्या यंत्राने आपलं काम केलं. दांडे पडले, सायरन वाजला, पंखे सुटले, आणि मावशी गरजल्या, "ऐका! आग लागलीय!" पूजेला आलेल्या खऱ्या मावशी प्रसादाचं ताट हातात घेऊन तिथेच उभ्या होत्या. स्वतःचाच आवाज ऐकून त्यांनी ताट खाली ठेवलं आणि भिंतीला हात लावून चालायला लागल्या!

आत होत्या तेवढ्या सगळ्या गाड्यांतली माणसं उतरली. दसऱ्याच्या दिवशी, नव्याकोऱ्या हार घातलेल्या गाड्या सोडून, चाव्या आत ठेवून! लोकांची माफी मागता मागता आमचा घसा बसला. एक आजोबा तेवढे म्हणाले, "माफी कसली? छान बाहेर काढलंत की!" त्यांनी आम्हाला सोनं दिलं आणि गेले.

आता सर सुहासला फाडून खाणार, म्हणून आम्ही श्वास रोखून उभे. सर धूपदाणीजवळ गेले, धूर दिसताच सवयीने चालू केलेलं स्टॉपवॉच बघितलं.

"यंत्राला अकरा सेकंद लागले," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "यंत्राच्या नाकाखाली धूप होता, म्हणून. तुझे किती चाललेत सध्या?"

"पंचवीस, सर."

"यंत्राने आज प्रसाद न खाताच काम केलं," सर म्हणाले. "तू खा आणि कामाला लाग."

* * *

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे सरांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशीही निरोप समारंभ बाजूला राहिला आणि सर डबा घेऊन नळीत! मला वाटलं होतं, आज तरी जमेल. आज सरांना द्यायला याहून चांगली भेट नव्हती.

फोन वाजला. "तेवीस. उशीर."

समारंभात सुहासने केळी दिली, मावशींनी शाल दिली. मी काहीतरी बोलायला उभा राहिलो. "सर, तुमच्यामुळे..." एवढ्यावर गाडी अडली. सर म्हणाले, "बस खाली, उशीर होतोय." सगळे हसले, मीही हसलो. कुणीतरी म्हणालं, स्टॉपवॉच आठवण म्हणून कंट्रोल रूममध्ये काचेत लावू या. सरांनी ते मुठीत घट्ट धरलं. "हे माझं आहे. अजून लागेल."

ते गेल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर 'तेवीस' लिहिलं. त्याच्या खाली एक जागा रिकामी राहिली होती.

* * *

आता शेवटचा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारचे तीन, बोगद्यात बऱ्यापैकी वर्दळ. सुहास चहा गाळत होता. मावशी खिडकीशी बसून रजिस्टर भरत होत्या. चार नंबरच्या कॅमेऱ्यावर एक टेम्पो आला, वेग कमी कमी होत गेला आणि डाव्या बाजूला थांबला. वर निळी ताडपत्री. ताडपत्रीखालून पांढरा लोळ निघतोय.

तीच ताडपत्री. तोच रंग. मागच्या फळीवर मासळीचे क्रेटसुद्धा दिसत होते!

सुहासही वळून बघायला लागला. "बर्फा," तो हळूच म्हणाला, "बर्फ आहे रे."

मलाही तेच वाटलं. खरं सांगतो, मला तो बर्फच वाटला. साहेबांचा तो गोड आवाजसुद्धा ऐकू आला. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा आवाज आला, दहा वेळा उगाच दाब. मी झाकण उघडलं आणि दाबलं.

दांडे पडले. सायरन वाजला. "ऐका! आग लागलीय." आणि आमच्या डोळ्यांदेखत पांढऱ्याचा रंग बदलला. आधी पिवळट, मग काळा. मग टेम्पोच्या पुढच्या चाकाजवळ ज्वाळा दिसली. बर्फाच्या खाली वायरिंग जळत होतं. ड्रायव्हर उडी मारून पळाला. पाठोपाठ चार नंबरचा कॅमेरा काळा पडला. आता आत काय चाललंय, काही दिसेना. मागे किती गाड्या, किती माणसं, कुणी लहान, कुणी म्हातारं, काही कळेना. खोलीत फक्त स्पीकरवरचा आवाज येत होता. भिंतीला हात लावून हिरव्या दाराकडं चला. म्हाताऱ्या मानसाला हात द्या.

मावशी खुर्चीतून उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. पदर तोंडावर धरलेला. स्वतःच्या आवाजाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. "चला," त्या पुटपुटल्या, "मी हाय."

अग्निशमनची गाडी तोंडाशी पोहोचल्याचं वायरलेसवर कळलं. पण माणसांचं काही कळत नव्हतं.

फोन वाजला. चार नंबरच्या हिरव्या दाराच्या आतली पेटी. मी उचलला.

"चार नंबरच्या दारातून बोलतोय. एकोणतीस माणसं आत. टेम्पोचा ड्रायव्हर धरून. सगळी चालती-बोलती. मागच्या गाड्यांत कुणी नाही, मी बघून आलोय. चाव्या गाड्यांत आहेत. जवानांना सांग, सरळ टेम्पोपाशी जा."

मी सगळं लिहून घेतलं, वायरलेसवर सांगितलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"सर? तुम्ही?"

"जावयाच्या गाडीत होतो. टेम्पोच्या मागे, तिसरी गाडी." पलीकडे एक बाई रागावून काहीतरी म्हणत होती. बहुधा सरांची मुलगी. "पप्पा, धूर येत होता आणि तुम्ही पहिल्यांदा ते घड्याळ काढलंत!"

फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस चालून आल्यावर येतो तसा.

"सोळा," ते म्हणाले.

मी फोन कानाला धरून उभाच होतो.

"चालेल."

आणि फोन बंद!